वीस गाणी आणि एक मालक

रॉक बँडची निवडक गाणी कोण निवडतं? आपल्याला वाटतं, गाणारे निवडत असतील. दर वेळी तसं नसतं. 'क्रॉनिकल' नावाची ही जोडरेकॉर्ड निघाली १९७६ साली. बँड फुटला होता १९७२ साली. म्हणजे घर मोडून चार वर्षं झाल्यावर मालकानं आतली भांडीकुंडी घासूनपुसून बाजारात मांडली. वीस गाणी. अमेरिकेत एक कोटीच्या वर खपली. मी ती मोबाइलवर ऐकतो, रात्रपाळीवरून येताना, लोकलच्या दारात उभं राहून. इंग्रजी मला कामापुरतं येतं. म्हणून एकेक गाणं दहा-दहा वेळा ऐकलं, शब्द कागदावर उतरवले, अडलं तिथं डिक्शनरी काढली. आता वीसच्या वीस तोंडपाठ आहेत. म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बँडचं नाव क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. चार पोरं. जॉन फॉगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. गाव कॅलिफोर्नियातलं एल सेरिटो. तिथून थोड्याच मैलांवर ओकलंड. तुम्ही म्हणाल, त्याचं काय? त्याच ओकलंडात १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिच्यावरनं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे ही पोरं पँथरच्या शेजारची. पण गोरी. हा 'पण' खिशात ठेवा, पुढं लागणार आहे.

सुरुवातीला फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीनं या पोरांना नाव दिलं 'गॉलिवॉग्ज'. गॉलिवॉग म्हणजे काळ्याकुट्ट तोंडाची, लाल ओठांची, विस्कटलेल्या केसांची बाहुली. काळ्या माणसाची टिंगल करणारं खेळणं. पोरांना नाव आवडलं नव्हतं, पण विचारतंय कोण? नाव ठेवायचा हक्क मालकाचा. दुसऱ्यानं ठेवलेलं नाव आयुष्यभर वागवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कंपनी सॉल झेंट्झ या माणसानं विकत घेतली तेव्हा कुठं ते नाव गेलं. नाव गेलं, मालक बदलला. मालकी तीच राहिली.

आता गाणी. ती काळाच्या क्रमानं लावलीत, जवळपास. त्यामुळं तासाभरात बँडचा जन्म ते मरण ऐकून होतं. पहिलं 'सुझी क्यू', दुसरं 'आय पुट अ स्पेल ऑन यू'. दोन्ही दुसऱ्यांची. दुसरं तर स्क्रीमिंग जे हॉकिन्स या काळ्या गायकाचं, १९५६ सालचं. मग येतं 'प्राउड मेरी'. इथं जॉन स्वतःचं बोलायला लागतो. शहरातली मालकाची नोकरी सोडून नदीवरच्या बोटीवर गेलेल्या कामगाराचं गाणं. भांडी घासलेला माणूस आहे तो. नदीकाठची माणसं पैसे नसले तरी माणसाला उपाशी ठेवत नाहीत, असा त्याचा अनुभव. मला हे गाणं पहिल्यांदा कळलं तेव्हा लोकलमध्येच हसू आलं. च्यायला, हा तर आपलाच माणूस.

पण थांबा. दक्षिणेतल्या नद्या, दलदल, तिकडची बोली, घशातून फाडून काढलेला आवाज, हे सगळं कॅलिफोर्नियातल्या पोरानं आणलं कुठनं? काळ्यांच्या रेकॉर्डी ऐकून. हाउलिन वुल्फ, लिटल रिचर्ड यांना कान देऊन. ही चोरी का? मी यावर बरीच डोकेफोड केली. जॉननं आपले गुरू कधी लपवले नाहीत, हे खरं. पण गुरूंच्या वाट्याला काय आलं, हा सवाल उरतोच. या वीस गाण्यांत 'ट्रॅव्हलिन बँड' आहे. त्याची चाल लिटल रिचर्डनं गाजवलेल्या 'गुड गॉली मिस मॉली'वरनं उचलली म्हणून खटला झाला, तो कोर्टाबाहेर मिटला. खटला घातला कुणी? लिटल रिचर्डनं नाही. गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडं होते तिनं. समजलं ना? घसा एकाचा, चाल दुसऱ्याची आणि कागद तिसऱ्याच्या कपाटात.

उलटंही घडलं. 'प्राउड मेरी' १९७१ साली आइक आणि टीना टर्नर यांनी गायलं. टीनानं ते असं काही उचललं की आज निम्म्या जगाला ते तिचंच वाटतं. काळ्यांच्या घरातनं गेलेला सूर काळ्या बाईनं नाचत परत आणला. मी दोन्ही एकामागनं एक लावून ऐकतो. तुम्हीही ऐका.

मधोमध येतं 'फॉर्च्युनेट सन', १९६९ सालचं. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, पण बुक्की आहे. व्हिएतनामचं युद्ध चालू. सक्तीची भरती. कॉलेजात असलेल्यांना सूट. मग मरायला जाणार कोण? ज्यांच्या बापाला कॉलेजची फी परवडत नाही ती पोरं. १९६८च्या डिसेंबरात निक्सनच्या मुलीचं लग्न आयझेनहॉवरच्या नातवाशी झालं. असल्या घरातली पोरं लढाईवर जाणार नाहीत, या संतापातनं गाणं निघालं, असं जॉननंच सांगितलंय. तो बोलला ते ऐकीव नव्हे. १९६६ साली भरतीचं पत्र त्याला स्वतःला आलेलं. राखीव दलात जाऊन त्यानं गणवेश चढवलेला. देशाचं नाव घेऊन ओरडणारे एक आणि देशासाठी मरणारे दुसरे. हे कळायला इंग्रजी लागत नाही.

याच काळात जॉन झपाटल्यासारखा लिहीत होता. १९६९ या एका वर्षात बँडचे तीन अल्बम निघाले. बिलबोर्डच्या यादीत पाच रेकॉर्डी दोन नंबरपर्यंत गेल्या, एक नंबर एकदाही नाही. ती कसर कंपनीला बाधली नाही. कंपनी गबर झाली. १९७५ साली झेंट्झ सिनेमाचा निर्माता झाला आणि त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. आणि जॉन? गाण्यांची मालकी कंपनीकडं. कंपनीतनं सुटण्यासाठी त्यानं या रेकॉर्डींवरची आपली रॉयल्टीसुद्धा सोडून दिली. स्वतःची गाणी स्टेजवर गायचं बंद केलं. गायलं की मालकाचा गल्ला वाजतो, म्हणून तोंडच मिटलं.

इथं मला आमचे मामा आठवतात. गायन पार्टीत गायचे, गाणी स्वतः लिहायचे. एका कॅसेटवाल्यानं त्यांची आठ गाणी घेतली, हातावर पाचशे रुपये ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. कॅसेट आली. तिच्यावर मामांचं नाव नाही. मामा म्हणायचे, "नाव नाय तर नाय. गाणं वस्तीत पोचलं ना?" मामी चुलीपाशी बसून म्हणायची, "पोचलं की. पन त्यानं चूल पेटली का?" या दोघांतलं कोण बरोबर, याचा निकाल मला अजून देता आलेला नाही. दोघंही बरोबर आहेत, हीच तर पंचाईत आहे.

जॉनचं पुढं ऐका. १९८५ साली त्यानं दुसऱ्या कंपनीकडनं नवं गाणं काढलं. जुन्या कंपनीनं खटला भरला. आरोप काय? हे गाणं 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. 'रन थ्रू द जंगल' कुणाचं? जॉनचंच! या वीस गाण्यांतलं तेरावं. म्हणजे माणसानं स्वतःलाच चोरलं, असा दावा. जॉन गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात गेला आणि वाजवून दाखवलं. १९८८ साली ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला. वकिलाच्या खर्चासाठी तो सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि १९९४ साली तिथंही जिंकला.

आणि तोंड उघडलं कधी? १९८७च्या ४ जुलैला, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात. जुनी गाणी तिथं तो पुन्हा गायला. ज्यांच्यासाठी गाणं लिहिलं ती माणसं समोर बसलेली. मालकाचा गल्ला वाजतो तर वाजो. हे वाचलं तेव्हा मामांचं म्हणणं मला थोडं जास्त कळलं.

पण आपल्या बाजूच्या माणसालाही तपासलं पाहिजे. बँड मालकानं एकट्यानं मोडला नाही. गाणी जॉनची, आवाज जॉनचा, हुकूमही जॉनचा. थोरला भाऊ टॉम आधी पुढं उभा राहून गायचा, तो मागं ढकलला गेला आणि १९७१ साली बाहेर पडला. १९९० साली तो वारला, भावांमधली अढी राहिली. १९९३ साली बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हा जॉननं कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला. ज्याला मालकानं लुटलं त्यालाही माईक वाटून घेता आला नाही. बँड फुटला त्याच वर्षी आपली पँथर जन्मली आणि दोन वर्षांत तीही फुटली. तुलना ताणत नाही. पण संघटनेत काम करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

शेवटचं गाणं 'समडे नेव्हर कम्स', १९७२ सालचं. बाप पोराला म्हणतो, एक दिवस तुला कळेल. तो दिवस येतच नाही. जॉनसाठी मात्र उशिरा का होईना, आला. २००४ साली कंपनी दुसऱ्यांनी घेतली आणि त्याची रॉयल्टी परत सुरू झाली. २०२३ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या गाण्यांच्या हक्कांतला मोठा वाटा त्यानं मिळवला. मूळ ध्वनिमुद्रणं अजून कंपनीकडंच. म्हणून २०२५ साली म्हाताऱ्यानं तीच गाणी पुन्हा गाऊन नवा अल्बम काढला.

पन्नास वर्षं लागली. तो गोरा होता, नावाजलेला होता, वकील करण्याइतका पैसा होता, तरी पन्नास वर्षं. खिशातला तो 'पण' आता बाहेर काढा. ज्यांच्याकडनं तो गाणं शिकला त्यांच्यातल्या कितीजणांना एवढं आयुष्य आणि एवढे वकील मिळाले असतील?

तेव्हा मित्रांनो, गाणी लिहा. खाली नाव घाला, तारीख घाला, एक प्रत घरी ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. चाल कुणाकडनं घेतली ते माईकवरनं सांगा. आणि माईक हातात आला की थोड्या वेळानं शेजारच्याकडं द्या. त्याचाही घसा कधीपासून खाकरतोय.