केदारकंठ्याच्या वाटेवरील निद्राकोश

उत्तराखंडांतील उत्तरकाशी जिल्ह्यांत सांक्री नांवाचें एक लहानसें गांव आहे. डेहराडूनहून पुरोला, मोरी अशीं गांवें घेत मोटार येथें पोंचते. येथून केदारकंठा ह्या सुमारें १२,५०० फूट उंचीच्या शिखरावर हिंवाळ्यांतही चढतां येतें. त्यामुळें डिसेंबर-जानेवारींत आपल्याकडील मंडळीही येथें पुष्कळ भेटतात. वाटेंत सुमारें ९,००० फुटांवर जुडा तलाव लागतो. थंडींत त्याचें पाणी गोठतें, आणि तंबूंत निजायचें तें त्याच्याच कांठीं.

अशा ठिकाणीं अंथरूण-पांघरूण एकच, तें म्हणजे ‘स्लीपिंग बॅग’. मी तिला निद्राकोश म्हणतों. घरचीं मुलें हंसतात. पण रेशमाच्या किड्याचा कोश ज्यानें पाहिला असेल त्यास हें नांव पटावें.

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावे, हा आपल्या घराघरांतील नियम. सदऱ्यास तो ठीक आहे, निद्राकोशास नाहीं. कोश स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. देहाची ऊब तो आपल्या पिसांत कोंडलेल्या हवेच्या योगानें राखतो, आणि आंत जितकी पोकळी अधिक, तितकी ती देहासच तापवावी लागते. गेल्या पौषांत आमचा बारा वर्षांचा नातू थोरांच्या कोशांत निजला, तो मध्यरात्रीं पाय गार पडून उठला. सूनबाईंनीं पायांकडील रिकामा भाग दोरीनें बांधून टाकला व कुशीशीं राहिलेल्या जागेंत कोरडे लोंकरी कपडे भरले. मग तो उजाडेपर्यंत हलला नाहीं.

उलट, तंग कोशही वाईटच. पिसें चेपलीं कीं त्यांतील हवा जाते. खांदे व पावलें जेथें टेकतात तेथूनच गारठा शिरतो. पाठीखालचीं पिसें तर देहभारानेंच चेपतात. म्हणून खालीं जाड चटई हवीच.

मोठ्यांसाठीं बहुधा सहा फूट व साडेसहा फूट उंचीपर्यंतच्या माणसांचे असे दोन आकार असतात. परंतु नुसती उंची सांगून भागत नाहीं. दुकानांतच लोंकरी कपड्यांनिशीं आंत शिरावें, झांपण डोक्यावर ओढावें, कूस बदलून पाहावी. पावलें टोंकास दाबतां कामा नयेत. चारचौघांत असें आडवें होण्याचा संकोच वाटतो खरा, पण साडी खांद्यावर टाकून पाहण्यास कोण लाजतो?

आणखी एक. आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीनें मोजलेल्या कोशावर ‘कम्फर्ट’ व ‘लिमिट’ असे दोन आंकडे असतात. पहिला १६० सेंटिमीटर उंच, ६० किलो वजनाची स्त्री कल्पून काढतात. दुसरा १७३ सेंटिमीटर उंच, ७३ किलोंचा पुरुष कल्पून, आणि तोही अंग आंखडून निजलेला! स्त्रियांनीं व आमच्यासारख्या वृद्धांनीं पहिलाच पाहावा.

सांक्रीस कोश भाड्यानें मिळतात; मात्र मुलांच्या मापाचा मिळेलच असें नाहीं. म्हणून नातवासाठीं आतां त्याच्याच मापाचा आणला आहे. दोन-तीन वर्षांत तो त्याला आंखूड पडेल. तोंवर पुतण्याची धाकटी त्या मापाची झालेली असेल.