दुसरी पंगत

फुटबॉल हा खेळ मला कळतो, असा माझा दावा नाही. शाळेत असताना पावसाळ्यात मैदानावरच्या चिखलात लोळण्यापुरता त्याचा नि माझा संबंध आला, आणि पुढे चष्मा लागल्यावर तोही सुटला. असे असूनही, अर्जेंटिनातील दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांचा २०११-१२ चा हंगाम माझ्या मनात जितका खोल रुतून बसला आहे, तितका माझ्या लग्नाचा हंगामही बसलेला नाही. हे वाक्य घरात मोठ्याने वाचले जाणार नाही, अशी आशा करून पुढे लिहितो.

त्या वर्षी मी ब्वेनोस आयरेसला होतो. 'होतो' म्हणण्यापेक्षा 'पाठवला गेलो होतो' म्हणणे अधिक खरे. पुण्याच्या आमच्या कचेरीत मी एका खात्याचा प्रमुख होतो. एके दिवशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असा एक गृहस्थ माझ्या खुर्चीत येऊन बसला आणि मला 'हवापालटासाठी' पृथ्वीच्या पाठीवरच्या चार टेबलांच्या एका शाखेत रवाना करण्यात आले. मुलांच्या शाळेमुळे पत्नी मागे राहिली. नून्येस नावाच्या वस्तीत एका वृद्ध जोडप्याच्या घरी मी खोली घेतली. म्हातारबुवा रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांच्या गच्चीवरून रिव्हर प्लेट या संघाच्या क्रीडांगणाचा कठडा दिसे, आणि तो दिसतो म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वी आपण हे घर घेतले, असे ते अभिमानाने सांगत.

रिव्हर म्हणजे त्या देशातील एक मोठे घराणेच. १९०१ सालची स्थापना. १९३० च्या सुमारास भरमसाट पैसे मोजून खेळाडू आणले, तेव्हापासून 'कोट्यधीश' हे नाव मिळाले. १९४० नंतरच्या त्यांच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक 'यंत्र' म्हणत. दि स्तेफानोसारखा खेळाडू याच अंगणात वाढला. १९३८ साली बांधलेल्या त्यांच्या क्रीडांगणावर १९७८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एकशेदहा वर्षांत या संघावर वरच्या श्रेणीतून खाली उतरण्याची पाळी कधी आली नव्हती. मी त्या घरात राहायला गेलो आणि त्याच आठवड्यात ती आली. माझा पायगुणच तो, असे मला कित्येक दिवस वाटत असे!

कोर्दोबा शहरातील बेल्ग्रानो या संघाशी दोन निर्णायक सामने होते. पहिला २-० असा गेला. दुसरा २६ जून २०११ रोजी रिव्हरच्याच क्रीडांगणावर होता आणि तो दोन गोलांच्या फरकाने जिंकला असता, तर इभ्रत वाचली असती. पावोनेने सुरुवातीलाच गोल केला, तेव्हा उठलेल्या गर्जनेने माझ्या खोलीच्या काचा थरथरल्या. उत्तरार्धात बेल्ग्रानोच्या फार्रेने बरोबरी केली. मग रिव्हरला पेनल्टी मिळाली आणि त्याच पावोनेचा फटका ओलावे या गोलरक्षकाने अडवला. सामना संपायला क्षणांचाच अवकाश होता, तेव्हा पंचांना तो थांबवावा लागला. प्रेक्षक खुर्च्या उपटून फेकत होते आणि पोलीस त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडत होते. म्हातारबुवा रात्री परतले, तेव्हा त्यांचा कोट ओला होता आणि डोळे लाल होते. "अश्रुधूर फार होता," ते म्हणाले. आजींनी मान डोलावली आणि त्यांच्यासमोर सूप ठेवले.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झाले, त्याला आपल्याकडे सुतक म्हणतात. रेडिओ बंद. शेजाऱ्यांकडे जाणे बंद. बोका संघाचा अभिमानी असलेला कोपऱ्यावरचा पाववाला टाळण्यासाठी दोन गल्ल्या लांबून पाव आणायचा. लग्नघरी मानाच्या पाहुण्याला चुकून दुसऱ्या पंगतीला बसवले, तर तो जसा पानावर मान खाली घालून बसतो, तसे म्हातारबुवा रोज जेवायला बसत.

एवढा मोठा संघ असा कोसळला कसा, हे मी त्यांना एकदा भीत भीत विचारले. त्यांनी कागद घेतला आणि कारकुनाच्या सुरेख अक्षरांत मला हिशेब मांडून दाखवला. तिथे कोण खाली जाणार, हे एका वर्षाच्या खेळावर ठरत नसे. तीन वर्षांचे गुण मिळवायचे, त्यांना सामन्यांच्या संख्येने भागायचे, आणि ज्यांची सरासरी सर्वांत कमी ते बुडाले. हा नियम १९८३ सालचा. त्याच वर्षी रिव्हर गुणतक्त्याच्या तळाशी गेला होता, पण सरासरीने त्याला तारले आणि रासिंग हा दुसरा मोठा संघ बुडाला. अठ्ठावीस वर्षांनी त्याच नियमाने रिव्हरला धरले. खाली गेला त्या वर्षीचा त्याचा खेळ तसा वाईट नव्हता. पण २००८ च्या जूनमध्ये विजेता ठरलेला हा संघ त्याच वर्षाच्या डिसेंबरात चक्क शेवटचा आला होता. ते पाप सरासरीत साचून राहिले होते. "आम्ही त्या रविवारी बुडालो नाही. तीन वर्षे थोडेथोडे बुडत होतो," म्हातारबुवा म्हणाले.

तो कागद मी मागून घेतला आणि खोलीत आल्यावर बराच वेळ पाहत बसलो. माझ्या खुर्चीत तो तरुण गृहस्थ एका सकाळी येऊन बसला, असे मी सर्वांना सांगत आलो होतो. पण त्याआधीच्या तीन वर्षांत किती कागद मी उद्यावर टाकले, किती सभांना आळसाने गेलो नाही, किती नवी कामे 'हे आपल्याला शोभत नाही' म्हणून इतरांकडे ढकलली, यांची बेरीज मी कधी केली नव्हती. भागाकार तर दूरच राहिला.

ऑगस्टात नवा हंगाम सुरू झाला. वीस संघ, अडतीस सामने. आल्मेइदा हा आदल्या हंगामात रिव्हरमधूनच खेळलेला खेळाडू. त्याने बूट काढून ठेवले आणि तो प्रशिक्षक झाला. काव्हेनागी आणि दोमिंगेस हे या संघातून खेळून परदेशी गेलेले खेळाडू घर पडल्याचे ऐकून परत आले. पुढे पोन्सिओ आला आणि फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला त्रेझेगेही आला. म्हातारबुवांनी एके दिवशी माळ्यावरून रेल्वेचा जुना नकाशा काढला, जेवणघराच्या भिंतीवर लावला आणि त्यावर ते लाल पेन्सिलीने गावे टिपू लागले. वरच्या श्रेणीतले संघ बहुतेक राजधानीच्या आसपासचे. इथे मात्र सारा देश पसरला होता. उत्तरेला डोंगराळ हुहुय, पश्चिमेला मेंदोसा नि सान हुआन, दक्षिणेला, हजार किलोमीटरांहूनही दूर, १८६५ साली वेल्श लोक जिथे उतरले ते पुएर्तो माद्रिन. तिथल्या संघाचे नाव गिजेर्मो ब्राउन. राजधानीजवळ आणखी एक संघ होता, त्याचे नाव आल्मिरांते ब्राउन, म्हणजे आरमारप्रमुख ब्राउन. दोन्ही नावे अर्जेंटिनाचे आरमार उभारणाऱ्या एकाच आयरिश माणसाची! सान हुआनच्या संघाचे नाव देसाम्पारादोस, म्हणजे निराधार. कोरिएन्तेसच्या संघाच्या नावात तर प्रत्यक्ष 'बोका' होते. शत्रूचे नाव धारण करणाऱ्या त्या गरीब संघाशीही खेळावे लागणार, हे पाहून म्हातारबुवांनी पेन्सिल खाली ठेवली. जूननंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

रिव्हर जिथे जाई, तिथे सण होई. पण विजय काही आयते मिळत नसत. लहान संघांनी आयुष्यात एकदाच येणाऱ्या या पाहुण्यासाठी सारे बळ राखून ठेवलेले असे. कोर्दोबाच्या इन्स्तितुतो संघात दिबाला नावाचा अठरा वर्षांचा पोरगा गोलांमागून गोल करीत होता. किल्मेस, रोसारिओ सेंत्राल आणि इन्स्तितुतो हे तिघे अखेरपर्यंत रिव्हरच्या मानगुटीवर बसले होते.

शेवटून दुसरा सामना पात्रोनातो या संघाशी होता. गाव पाराना, त्याच नावाच्या नदीकाठचे. रिव्हर एका गोलाने हरला. म्हातारबुवांनी रेडिओ बंद केला आणि ते उद्गारले, "कसल्या गावाकडून हरलो! अशा जागी येऊन पडायची पाळी आली आमच्यावर!"

त्याच वेळी दूरध्वनी वाजला. आजींच्या भावाचा होता. तो हसत होता की रडत होता, कळत नव्हते. त्याच्या मागे मोटारींच्या भोंग्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. आजी परत आल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवण्याची त्यांची धडपड अगदी फसली होती. तिकडे बायको नवऱ्याला प्रेमाने 'म्हाताऱ्या' म्हणते आणि तो रागावत नाही. त्या हळूच म्हणाल्या, "म्हाताऱ्या, त्या गावी मी जन्मले. चाळीस वर्षे या घरात फुटबॉल ऐकते आहे. माझ्या गावाचे नाव तुझ्या रेडिओवर आज पहिल्यांदा ऐकले. तुझी पडायची जागा, ती आमची राहायची जागा आहे."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पण घास माझ्या घशात अडकला. याच मेजावर बसून गेले वर्षभर मी काय बोलत आलो होतो? 'मला इथे आणून टाकले.' 'इथे काय, दिवस काढायचे!' ज्या शहरावर त्या दोघांचे सारे आयुष्य उभे होते, त्याला मी माझी शिक्षा म्हणत होतो. तेही त्यांचेच सूप पिता पिता. आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या त्या चार टेबलांच्या कचेरीतला तरुण कारकून एकदा आपल्या आईला घेऊन आला होता. त्याने तिला आपले टेबल दाखवले, खिडकी दाखवली, टाइपलेल्या कागदांची चळत दाखवली. म्हातारीने टेबलावरून हात फिरवला. मी मान वर करून तिला नमस्कारही केला नव्हता. माझ्या लेखी ती दुसरी श्रेणी होती. तिच्या लेखी तिचा मुलगा वर पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताच मी त्या कारकुनाला त्याच्या आईची प्रकृती विचारली. तो चकित झाला, मग अर्धा तास सांगत बसला. संध्याकाळी घरी आलो, तो म्हातारबुवा नकाशासमोर उभे राहून आजींना विचारत होते, "पारानाला जायला बसला हल्ली किती तास लागतात?"

२३ जून २०१२ रोजी शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी आल्मिरांते ब्राउन. म्हातारबुवा मला बरोबर घेऊन गेले. रिव्हर २-० ने जिंकला आणि दोन्ही गोल त्रेझेगेचे. गुण त्र्याहत्तर, दुसऱ्या आलेल्या किल्मेसचे बहात्तर. वर्षभराच्या खटाटोपानंतर अंतर एका गुणाचे! भोवताली माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत होती. म्हातारबुवा मात्र कठड्याला धरून शांत उभे होते. "आता पुन्हा तेच दहा-वीस संघ. हुहुय राहून गेले बघायचे," ते म्हणाले.

इन्स्तितुतो आणि रोसारिओ सेंत्राल यांना पुढच्या निर्णायक सामन्यांत अपयश आले आणि ते तिथेच राहिले. मी त्या वर्षाअखेर पुण्यास परतलो. माझी जुनी खुर्ची मला परत मिळाली नाही, आणि मीही ती मागितली नाही.

९ डिसेंबर २०१८ रोजी माद्रिदमध्ये रिव्हरने बोकाला ३-१ असे हरवून दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार पोन्सिओ, खालच्या पायरीवर असताना आलेला. आणि बचावात मायदाना, जो बुडण्याच्या दिवसांतही होता आणि दुसऱ्या श्रेणीतही राहिला. म्हातारबुवांनी तो दिवस पाहिला. पुढल्या वर्षी ते गेले.

२०२२ साली आजींचा नातवाकरवी निरोप आला. अर्जेंटिना चषकाच्या स्पर्धेत पात्रोनातोने रिव्हरला हरवले, मग बोकालाही हरवले आणि चषक जिंकला. आणि त्याच हंगामात, त्याच सरासरीच्या हिशेबाने, तो वरच्या श्रेणीतून खाली उतरला! पुढच्या वर्षी खंडातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत तो दुसऱ्या श्रेणीतला संघ म्हणून खेळला. निरोपाच्या शेवटी आजींनी सांगितले होते, "म्हातारा असता तर आठ दिवस बोलला नसता. नवव्या दिवशी मात्र बसचे तिकीट काढले असते."

हल्ली कुठे लग्नाला गेलो, की पहिल्या पंगतीसाठी मी धावत नाही. दुसऱ्या पंगतीला कोण बसते, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ज्यांनी पहाटेपासून भाज्या चिरल्या, पाट मांडले, वाढून वाढून ज्यांची कंबर मोडली, ती घरची माणसे त्या पंगतीला असतात. भात थोडा निवलेला असतो, मठ्ठा तळाला गेलेला असतो. पण आग्रह खरा असतो. फक्त आपल्याला तिथे आणून बसवले, अशा चेहऱ्याने बसू नये. शेजारचा माणूस आपल्या घरी जेवत असतो.