कौल

स्वतःच्या गावात वाटाड्या घेऊन हिंडावे, हे काही शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे, असे आमचे आजवर मत होते. पणजीच्या कचेऱ्यांचे जिने चढण्या-उतरण्यात आमची वीस वर्षे गेली. कोणत्या खात्याचा कारकून कोणत्या खिडकीपाशी बसतो आणि चहाला किती वाजता उठतो, हे आम्हांला पाठ आहे. एवढ्या पुंजीवर आपल्याला ही नगरी ठाऊक आहे, असा आमचा समज होता. तो समज गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी दोन तासांत उतरला.

त्याला निमित्त झाले बेळगावचे काका. हे आमच्या मावशीचे यजमान. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकविला. देवदर्शनासाठी म्हणून ते गोव्यात आले होते, मंगेशी, म्हार्दोळ, कवळे झाल्यावर म्हणाले, "आता तुझी राजधानी दाखव. पण तू नको दाखवूस. तू वकील, तू आपल्या पक्षकाराचीच बाजू सांगशील." तेव्हा जुन्या सत्तास्थानांची पायी फेरी घडविणाऱ्या एका तरुण मुलीच्या मागून आम्ही दोघे निघालो. सोबत पुण्याचे एक जोडपे आणि महाविद्यालयातील तीन-चार विद्यार्थी होते.

फेरीचा आरंभ मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यापासून झाला. मुलगी बोलायची नेटके. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाचा हा वाडा 1510 साली पोर्तुगिजांच्या हाती गेला. 1759 साली व्हाइसरॉय जुन्या गोव्याहून येथे राहावयास आला. 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. 1918 साली गव्हर्नर काबोच्या भूशिरावर राहावयास गेला आणि वाड्यात कचेऱ्या आल्या. मुक्तीनंतर येथेच सचिवालय आणि येथेच विधानसभा. 1964 च्या जानेवारीत लोकांनी निवडलेली पहिली विधानसभा याच छपराखाली बसली आणि 2000 साली ती नदी ओलांडून पर्वरीस गेली. आता वाड्यात चित्रांची प्रदर्शने भरतात.

आमच्या लहानपणी वडिलांचे बोट धरून आम्ही या दारी आलो होतो. वडिलांच्या हाती एक अर्ज होता. कशाचा, ते आता स्मरत नाही. पण दारावरच्या शिपायापुढे त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्याचे पक्के स्मरते. वहाणा काढण्याची तेथे काही गरज नव्हती. शिपाई हसला. वडिलांनी त्या पुन्हा घातल्या. देऊळ आणि कचेरी या दोनच ठिकाणी त्यांच्या बापजाद्यांनी मान खाली घातली होती, आणि पायांना ती सवय राहून गेली होती, इतकेच.

वाड्याच्या कडेला आब्बे फारियाचा पुतळा आहे. निद्रित स्त्रीवर हात पसरून उभा असलेला हा कांदोळीचा गोमंतकीय संमोहनविद्येचा एक आद्य पुरस्कर्ता. पुतळा 1945 सालचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला, आणि शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "राजवाड्याशेजारी संमोहन! जागा बरोबर निवडली." मंडळी हसली. काका मात्र हसले नाहीत; ते वाड्याच्या खिडक्या मोजीत होते.

तेथून आझाद मैदानावर आलो. मैदानातील मंडपात पूर्वी आल्बुकेर्कचा पुतळा होता; आता तेथे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांचे स्मारक आहे. 1928 साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापिली. 1946 साली लष्करी न्यायासनाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. विजेत्याच्या मंडपात बंदिवान येऊन बसला, हा न्याय आम्हांला कोणत्याही निवाड्याहून अधिक भावला. मैदानाला लागूनच मिनेझिस ब्रागांझ संस्थेची इमारत आहे. ज्यांचे नाव तिला दिले आहे, त्या लुईश द मिनेझिस ब्रागांझ यांनी 1930 साली, सालाझारच्या वसाहत कायद्याच्या काळात, त्या वेळच्या विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. आमच्या काळ्या कोटाला त्या क्षणी थोडी लाज वाटली. या दारावरून आम्ही शेकडो वेळा गेलो आहो. पण घाई नेहमी तारखेची, आणि तारीख नेहमी दुसऱ्याच्या दाव्याची.

मैदानाच्या कडेला उभी राहून मुलगी 1967 सालाकडे वळली. "सोळा जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, दुसरी खूण दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं, पानांना 1,72,191. चौतीस हजार एकवीस मतांनी प्रश्न कायमचा मिटला." एवढे बोलून ती पुढच्या चौकाकडे निघाली.

काका जागचे हलले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "प्रश्न मिटला हे ठीक. पण तो विचारला कसा गेला, ते सांगा की."

मुलगी थांबली. तिने प्रामाणिकपणे आमच्याकडे पाहिले, आणि वकिलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. आम्ही सांगितले ते असे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. त्यासाठी साधा कायदा पुरतो. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. आणि जनतेला विचारावे असे तर त्यात कोठेच म्हटलेले नाही. म्हणून गोव्यासाठी 1966 साली संसदेला जनमत कौलाचा स्वतंत्र कायदाच करावा लागला, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांचे सरकार त्याआधी पायउतार झाले. जुनागढ 1948, सिक्कीम 1975 अशी या देशातली इतर उदाहरणे बोटांवर मोजण्याजोगी.

"म्हणजे विचारणं हा नियम नव्हे, अपवाद," काका म्हणाले. "मी सहा वर्षांचा होतो. एक नोव्हेंबर 1956. शाळेत पेढे नव्हते, मारामारी नव्हती. मुंबई राज्यातलं आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, एवढंच गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. पुढं महाजन आयोग झाला, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा झाला. कागद पुष्कळ झाले. पण माझ्या वडिलांना कुणी एकदा येऊन विचारलं नाही, की बाबा, तुझं मत काय? 'नाही' म्हणायची वेळ आली असती, आणि आम्ही हरलो असतो, तरी चाललं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

आम्हांला तेव्हा आमची आजी आठवली. आमचे आजोबा गावच्या देवळाचे महाजन. पोथ्या मराठी, कीर्तने मराठी, जमाखर्च मराठी. रागावायचे तेवढे कोंकणीत. 1967 साली ते उघडपणे फुलाच्या बाजूचे होते, आणि घरातील सर्व मते आपल्याच खिशात आहेत असे धरून चालले होते. मतदान करून आजी घरी आली तेव्हा त्यांनी तिला विचारले, कोठे शिक्का मारलास? आजी चुलीकडे वळत म्हणाली, "सरकारान म्हाका विचारलां, हांवें ताका सांगलां. तुमी कित्याक विचारतात?"

आजोबा वारले, आजीही गेली. तिने शिक्का फुलावर मारला की पानांवर, हे कोणालाच कळले नाही. मराठी की कोंकणी या वादात पुढे घरे दुभंगली. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, तरी तो वाद शमला नाही. ज्या बाजूचा पराभव झाला, त्या बाजूला आमच्या आजोबांचे आयुष्य होते. त्यांचे दुःख आम्ही हलके लेखणार नाही. पण आजीच्या त्या उत्तरात जो ताठा होता, तो आमच्या घरात त्यापूर्वी कोणाच्याच बोलण्यात नव्हता. वहाणा काढणाऱ्या पिढीच्या सुनेला तो एका कागदाने दिला होता.

फेरी चर्चच्या पायऱ्यांपाशी संपली. निरोप घेताना मुलगी काकांना म्हणाली, "यापुढं मी प्रश्न कसा विचारला गेला तेही सांगेन." काका म्हणाले, "आणि कुणाला विचारला गेला नाही, तेही."

उन्हे चढली होती. तरी काकांना महालक्ष्मीचे दर्शन राहिले होते, म्हणून चालतच गेलो. तिनशे वर्षांच्या मनाईनंतर 1818 साली या शहरात देऊळ उभारण्याची परवानगी मिळाली, ती हिंदूंनी अर्ज केल्यावर. त्यानंतरही प्रजासत्ताक होऊन हिंदूंना समान नागरिकत्व मिळावयास 1910 साल उजाडले; आणि 1933 साली देवस्थानांचे नियमन झाले तेही वरून आलेले. त्यातली कलमे काढून आम्ही आजही महाजनांचे दावे चालवितो. हे सारे आम्हांला तोंडपाठ होते. पण अर्ज करणे आणि विचारले जाणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या सकाळपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. अर्जदार दारात उभा असतो. ज्याला विचारतात, त्याच्या दारात सरकार उभे असते.

आमच्याकडे देवाला पाकळ्या लावून कौल मागण्याची रीत आहे. उजवी पडो की डावी, माणूस ती मानतो आणि घरी जाऊन कामाला लागतो. कारण काही मनाविरुद्ध पडले तरी आपण विचारले होते आणि आपल्याला उत्तर मिळाले होते, एवढे समाधान त्याच्या गाठीला असते. लोकांच्या मतालाही आपल्या भाषेने कौल हाच शब्द दिला. तो ज्याने योजिला, त्याला हे नक्की ठाऊक असले पाहिजे. येथे मात्र विचारणारे सरकार असते आणि उत्तर देणारी आमची आजी.

काका देवीपुढे बराच वेळ हात जोडून उभे होते. ओठ हलत होते. बाहेर आल्यावर त्यांनी वहाणा घातल्या, छत्री उघडली आणि उन्हात चालू लागले.

त्यांनी काय मागितले, ते आम्ही विचारले नाही.