मुरूडचा हिशेब

बी.एड.ला आम्ही दोघे एका बाकावर बसायचो. नोकरी लागली की पहिल्या पगारातून समुद्र बघायला जायचे, असे तेव्हाच ठरले होते. आम्ही सोलापूरचे. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथल्या माणसाला समुद्राचे किती अप्रूप असते, हे कोकणातल्या वाचकांना कदाचित खरे वाटणार नाही. पुढे मला अनुदानित शाळेत कायम नोकरी मिळाली. दोस्त विनाअनुदानित शाळेत लागला, नंतर तासिका तत्त्वावर गेला, संध्याकाळी घरी शिकवण्या घेऊ लागला. बघता बघता वीस वर्षे गेली.

मधल्या काळात मी दोनदा बेत केला. हॉटेलची खोली ठरवली, आगाऊ पैसे भरले आणि मग त्याला सांगितले. दोन्ही वेळा त्याच्याकडे ऐनवेळी काही ना काही काम निघाले. गेल्या दिवाळीच्या सुटीआधी पुन्हा विषय काढला, तेव्हा तो आमच्या दख्खनीत म्हणाला, "तू भरनार तो नक्को." आणि पुढे हसत, "पाहुणा म्हणून यायचं तर ईदला तुझ्या घरी येतोच की."

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माणशी 3500 रुपये, तीन दिवस, दोन रात्री. खोली हजाराच्या वर नको. दर खर्च निम्मा-निम्मा आणि वही त्याच्याकडे. तो गणिताचा माणूस. ठिकाण ठरले मुरूड-जंजिरा. सुटीच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार जायचे, म्हणजे गर्दी कमी आणि भावही उतरलेले.

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो, सकाळी मुंबईला सीएसएमटीवर उतरलो. तिथून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पायी गेलो. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, तासाभराचा प्रवास. पावसाळ्यात ती बंद असते. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात मिळते आणि अलिबागहून मुरूडला एसटी. हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर, पण वाटेत रेवदंड्याची खाडी, कोर्लईचा डोंगर, काशीदची पांढुरकी वाळू असे काही ना काही दिसत राहते. दोस्त खिडकीशी बसला होता. दोन तास त्याने वही उघडली नाही. मुरूड येता येता टेकाडावरचा नवाबांचा राजवाडा दिसला. तो खासगी आहे, रस्त्यावरूनच बघायचा.

जोहरच्या वेळी पोहोचलो. दोस्त मशिदीत वजू करत होता तेवढ्यात मी खोल्या बघून आलो. स्टँडमागे 900 रुपयांची एक होती, तिला खिडकी नव्हती. दुसरी एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घराच्या माडीवर, समुद्राकडे तोंड केलेली. घरच्या खालांनी 1200 सांगितले आणि एक रुपया कमी करायला तयार झाल्या नाहीत. मी हो म्हणालो. दोस्ताला येऊन सांगितले, "हजाराला मिळाली." दोनशेचा फरक मी गुपचूप देईन, त्याला कळायचेही नाही, असा माझा विचार. त्याने वहीत लिहिले : खोली 1000.

ते दोन दिवस, अल्हम्दुलिल्लाह, फार सुंदर गेले. फजरची नमाज मशिदीत पढायची आणि तसेच किनाऱ्यावर जायचे. आम्ही मुसाफिर, म्हणून खोलीवर पढताना कसर, पण स्थानिक इमामामागे पूर्ण नमाज. मुरूडची वाळू काळसर, ओली असताना पाटीसारखी दिसते. दोस्ताने तिच्यावर बोटाने गणित मांडले : भरती दिवसातून दोनदा, आणि रोज पन्नासेक मिनिटे उशिरा. म्हणजे काल सकाळी 7 ला भरती असेल, तर आज 8 च्या सुमारास. पुस्तकात शिकवलेली गोष्ट डोळ्यांसमोर खरी होताना बघून आम्ही दोघे पोरांसारखे हसलो.

पाण्यात मात्र गुडघ्यापलीकडे गेलो नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले होते. मुलांना सहलीला नेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ती बातमी विसरता येत नाही. मासे सुकवणाऱ्या बायकांना विचारले की त्या ओहोटीची वेळ नेमकी सांगतात. ओहोटीत पाणी माणसाला आत ओढते, म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी हे विचारावे, एवढे वाचकांना आवर्जून सांगतो.

मंगळवारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. मी उर्दू शिकवतो. 'जझीरा' म्हणजे बेट आणि 'जझीरानुमा' म्हणजे द्वीपकल्प, हे पाचवी-सहावीच्या मुलांकडून कितीदा घोकून घेतले असेल! तो अरबी शब्द किनाऱ्यावर येऊन जंजिरा झाला आणि तटबंदी होऊन पाण्यात उभा राहिला, असे वाटले. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला होता. शिवाजी महाराजांनी मुरूडसमोर बांधलेला पद्मदुर्गही इथून दिसतो. दरवाज्यापाशी पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प आहे, बुरुजांवर कलाल बांगडीसारख्या अजस्र तोफा आहेत. दोस्त मात्र सर्वात जास्त वेळ थांबला तो गोड्या पाण्याच्या तलावापाशी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. "आपल्या महापालिकेला दाखवायला पाहिजे," म्हणाला.

रात्री खानावळीत तांदळाची भाकरी, बांगडा आणि सोलकढी. जेवून वाळूत बसलो असता त्याने हिशेब केला. सगळे धरून माणशी 330 रुपये उरणार होते. मला वाटले नव्हते इतका तो खूश झाला. बाजारात त्याने अर्धा किलो आमसूल आणि शिंपल्यांची एक झुंबरासारखी माळ हेरून ठेवली होती, धाकट्या मुलीसाठी. दोन्ही त्या पैशांत नेमके बसत होते.

बुधवारी सकाळी आवराआवर करून खाली आलो. मी बूट घालेपर्यंत दोस्ताने खालांना विचारले, "किती झाले?" त्या म्हणाल्या, "बाराशेप्रमाणे चोवीसशे."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने वही काढली, 1000 खोडून 1200 केले, दोन्ही रात्रींचे. खिशातून आपल्या वाट्याचे 1200 मोजून दिले. मी म्हणालो, "अरे, मला वाटलं..." तो म्हणाला, "तुला समुद्र दिसणारी खोली हवी होती, तर मला सांगायचं. विचार केला असता दोघांनी."

त्याचे खरेच होते. मी त्याच्यावर मेहेरबानी केली असे मानत होतो, पण खिडकी मला हवी होती. आणि ठरलेली मर्यादा मोडताना त्याला विचारावे, हे माझ्या मनातही आले नव्हते. खर्चाच्या बाबतीत त्याचे मत लागतच नाही, असे मी आधीच्या दोन वेळीही धरून चाललो होतो. ऐनवेळी निघालेली ती कामे कुठली होती, ते मला त्या अंगणात कळले.

बाजारात त्याने पाव किलो आमसूल घेतले. माळ हातात घेतली, उजेडात धरून बघितली आणि परत ठेवली. माझ्या खिशात पैसे होते. ती माळ घेऊन परस्पर त्याच्या मुलीला द्यायची, हा विचार क्षणात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला. आयुष्यात पैसे खर्च न करणे मला इतके जड कधी गेले नव्हते.

लाँचमध्ये समुद्रपक्षी मागे लागले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मीच म्हणालो, "चुकलो, यार." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "हौ, चुकलास." थोड्या वेळाने शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरली. दहा रुपयांची. "पाच लिही तुझ्या नावावर."

परत आल्यापासून आम्ही दर महिन्याला अडीचशे-अडीचशे एका डब्यात टाकतो. डबा त्याच्या घरी, वहीही त्याच्याकडे. इन्शाअल्लाह, पुढच्या सुटीत श्रीवर्धन. या वेळी खोली दोघे मिळून बघणार आहोत. खिडकी हवी की नको, हे आधी बोलून.