कापडी लाजाळू

उल्हासनगरात कापडाचे दुकान आणि बदलापुरात राहते घर, अशा एका जैन व्यापारी कुटुंबातील धाकटा मुलगा सी.ए.च्या परीक्षेची तयारी करीत होता. पहाटे ५ वाजता तो पुस्तक उघडत असे. रात्री दुकानाचा हिशेब मिटल्यावरही त्याच्या खोलीतील दिवा तेवतच असे. परीक्षा महिन्यावर आली असता एका संध्याकाळी एकच पान त्याने तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्यातले काही लक्षात राहिले नाही. जेवताना तो हळूच म्हणाला, “बाबा, वाचलेले आता डोक्यात शिरतच नाही.” वडिलांनी अभ्यास दोन तास वाढविण्याचा सल्ला दिला. त्यात कठोरपणा नव्हता. विक्री घटली की ते स्वतःही दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवीत.

थोरली मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रेचल व स्टीफन कापलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे विचार तिच्या वाचनात आले होते. मन बळेच एका जागी धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित असते. ती वापराने थकते. पानांची सळसळ, वाहते पाणी, सरकणारे ढग मनाला विनासायास गुंतवतात आणि तेवढ्या अवधीत ती शक्ती पुन्हा भरून येते, असे त्यांचे म्हणणे. तिने वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगितले, “बाबा, याचे भांडवल संपले आहे, आणि आपण उलाढाल वाढवायला सांगतो आहोत.” वडील काही बोलले नाहीत, पण त्या रात्री दिवा लवकर मालवला गेला.

प्रकल्पासाठी तिने लाजाळूची निवड केली. स्पर्श होताच लाजाळूच्या देठातील पेशींतून पाणी निघून जाते, म्हणून पाने मिटतात. पाणी परतले की काही मिनिटांनी ती उमलतात. जगात अशी यांत्रिक निसर्गशिल्पे झालेली आहेत. कॅनडाचे वास्तुरचनाकार फिलिप बीझ्ली यांनी २०१० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात माणसाच्या चाहुलीने हलणारे कृत्रिम अरण्य उभारले होते. रात्री मिटणाऱ्या फुलांवरून नेदरलँड्सच्या ‘स्टुडिओ ड्रिफ्ट’ने उमलत खाली येणारे रेशमी दिवे घडविले.

मुलीजवळ दुकानातील रेशमी कापडाचे तुकडे होते. तिची पहिली फांदी लहान मोटरवर चाले, तिची घरघर ऐकून भाऊ म्हणाला, “ताई, हा तर मिक्सर झाला!” दुसरी फांदी हात जवळ नेताच झटकन मिटे, त्याने तिचा खेळच केला. तेव्हा तिच्या ध्यानी आले, की विसावा देणाऱ्या वस्तूने मनाकडून काही मागता कामा नये. तिसऱ्या फांदीत तिने निकेल-टायटॅनियमची तार वापरली. विजेने तापली की ही तार आवाज न करता आखडते आणि निवली की सैल पडते. प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करून तिने उमलण्याची गती इतकी मंद ठेवली, की पाहणाऱ्याला थांबावेच लागे. भाऊ पुस्तक मिटून तिच्यापुढे बसू लागला. आजी कौतुकाने म्हणाली, “फूल तोडले नाही, आणि घरात फूल आले!”

मुलगी मात्र या यशाने भुलली नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान व सहकाऱ्यांचा २००८ सालचा प्रयोग तिला ठाऊक होता. ताणानंतर हृदयाची गती पूर्ववत होण्यास हिरवाई दिसणाऱ्या खऱ्या खिडकीने मदत केली. तेच दृश्य दाखविणारा पडदा मात्र कोऱ्या भिंतीहून सरस ठरला नाही. कापडी फांदीही वाटच दाखवील. तिथवर जायचे ते आपल्या पायांनी.

म्हणून पुढच्या रविवारी ती भावाला घेऊन उल्हास नदीकाठी गेली. वडीलही निघाले, इतक्या वर्षांत सकाळी नदीवर ते प्रथमच येत होते. बदलापूरच्या प्रसिद्ध जांभळांची झाडे दाखवीत त्यांनी आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. फिरणे पाऊण तासाच्या वर गेले. घरी आल्यावर आजी म्हणाली, “एका सामायिकाची ४८ मिनिटे झाली की!”

त्या परीक्षेत मुलाचा एक ग्रुप सुटला, एक राहिला. राहिलेल्याच्या तयारीचे वेळापत्रक वडिलांनी स्वतः आखले. त्यात रोज संध्याकाळी एक तास कोरा होता. मुलाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “तो जमेच्या बाजूला धर.”