पाचोळ्यातील जीव

चौविहार उरकून सूर्यास्ताच्या सुमारास चिकूच्या झाडाखाली बसण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या आषाढात तेथे गळून पडलेल्या, अतिपक्व चिकूवर एक तपकिरी फुलपाखरू रस शोषताना दिसले. मिटलेल्या पंखांवर बारीक रेघांची जाळी आणि कडेला डोळ्यांसारखे वलयांकित ठिपके. मोबाइलवर छायाचित्र घेतले. मोठे करून पाहिले, तर एका ठिपक्याजवळचा पंखाचा तुकडाच नाहीसा झालेला. एखाद्या पक्ष्याने खरा डोळा समजून तेथे चोच मारली असावी; धड मात्र वाचले होते.

तिन्हीसांजेला उडणाऱ्या या जातीस इंग्रजीत ‘कॉमन ईव्हिनिंग ब्राऊन’ म्हणतात. लिनियसने १७५८ मध्येच तिचे नामकरण केले आहे. सुरवंट गवतावर, भातावर वाढतात.

पौषात पाचोळ्यात आणखी एक दिसले. त्याला ते डोळे नव्हते. मी ते निराळ्या जातीचे मानले. उभी हयात बँकेत सह्या ताडून पाहण्यात गेलेल्या माणसाची ही चूक! दोन्ही रूपे एकाच जातीची. सुरवंट वाढत असताना हवेत ऊब आहे की गारवा, यावर रूप बरेचसे ठरते. पावसाळ्यात डोळे उठून दिसतात. कोरड्या ऋतूत ते लोपतात आणि मिटलेला पंख हुबेहूब वाळल्या पानासारखा होतो. मग दिवसभर ते पाचोळ्यात निश्चल बसून राहते.

हे वाचले आणि चष्मा काढून ठेवला. आमच्या बागेतील पाचोळा दर रविवारी कोपऱ्यात पेटवला जाई, तोही माझ्याच सांगण्यावरून. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारा मी! प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना चउरिंद्रिय जीवांचा उच्चार रोज करतो. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी लाभलेले असे किती जीव त्या धुरात गेले असतील, याचा ताळेबंद कोणत्या वहीत मांडावा?

आता पाचोळा जाळत नाही. सौ.ना तो पसारा वाटतो. माळीदादा म्हणाले, “साहेब, उद्या यात जनावर निघेल.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून पायवाट तेवढी मऊ केरसुणीने मीच झाडतो, तीही हलक्या हाताने, उजेड असेपर्यंतच.