थांबल्यावर दिसलेले

जूनअखेरीस रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान पाहण्यास आमच्यापाशी अवघा एक दिवस होता. कोलोरॅडोत राहणाऱ्या लेकीने तीनच स्थळे निवडली. पहाटे बेअर लेकच्या निश्चल पाण्यात हॅलेट शिखराचे प्रतिबिंब पाहिले. मग १२,१८३ फुटांपर्यंत चढणाऱ्या ट्रेल रिज रस्त्याने निघालो. झाडे केव्हाच मागे राहिली. विरळ हवेत ह्यांना धाप लागली. पुढची पायवाट सोडून आम्ही दगडी कठड्यावर टेकलो. तेव्हा पायाशी बोटभर उंचीची निळी फुले दिसली. तुडवली गेल्यास तेथील रोपांना सावरण्यास अनेक दशके लागतात. संसारात सदैव घाईने पुढे चालणारी मी त्या दिवशी प्रथमच ह्यांच्यासाठी थांबले. सायंकाळी मोरेन पार्कच्या कुरणात एल्क हरणे चरत होती. परतताना काही राहून गेल्याची खंत उरली नव्हती.